विश्लेषण : ‘आजकालचा’ पेहराव ‘पारंपरिक’ कधी झाला? सतराव्या शतकातील स्त्रियांची एचिंग-चित्रे काय सांगतात?

युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांनी आपल्याकडची छापील चित्रे इंटरनेटवर खुली केल्यापासून सतराव्या शतकातील काही चित्रे सारखी समोर येऊ लागली आहेत. कधी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, कधी वेशभूषाकाराच्या टाचणांत, तर कधी संग्रहालयाच्या दुकानातील भेटकार्डावर. तळहातात मावेल एवढ्या कागदावर एकच बाई उभी असते आणि मागची बाजू बहुधा कोरी. खाली लॅटिनमध्ये एखादी ओळ : कोलोनची स्त्री, स्ट्रासबुर्गची कुमारिका, लंडनच्या व्यापाऱ्याची पत्नी. ही चित्रे प्रागमध्ये जन्मलेल्या व्हात्स्लाव होलारची. इंग्रजी पुस्तकांत तो वेन्सेस्लॉस हॉलर म्हणून ओळखला जातो. बरोक काळातील एचिंगकारांत त्याचे नाव मोठे आहे. या चित्रांना आता सर्रास ‘प्रादेशिक वेशभूषा’ किंवा ‘पारंपरिक पोशाख’ असे म्हटले जाते. ते चुकीचे आहे, आणि या चुकीमुळे चित्रांतला सर्वांत मोलाचा पुरावाच वाया जातो.

होलार कोण होता?

त्याचा जन्म १६०७ चा. तो दहा वर्षांचा असताना प्रागमध्येच तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली. १६२७ मध्ये त्याने शहर सोडले आणि श्टुटगार्ट, स्ट्रासबुर्ग, फ्रँकफुर्ट, कोलोन अशा ठिकाणी पोटासाठी चित्रे करत तो फिरला. १६३६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सम्राटाच्या भेटीला निघालेला अरुंडेलचा अर्ल टॉमस हॉवर्ड कोलोनला थांबला. हा गृहस्थ चित्रांचा जबरदस्त शौकीन होता. त्याने होलारला सोबत घेतले आणि वर्षाअखेरीस लंडनला नेले. पुढे इंग्लंडमध्ये यादवी पेटली, अर्ल देशाबाहेर गेला आणि होलारही १६४४ मध्ये अँटवर्पला निघून गेला. आठ वर्षांनी परतला तो कायमचा. १६७७ मध्ये लंडनमध्येच तो वारला.

नगरदृश्ये, नकाशे, किडे, शंख, चर्च, जहाजे, जे मिळेल ते त्याने केले. त्याच्या नावावरची चित्रे अडीच हजारांच्या वर जातात. तरीही हातात पैसा कधी टिकला नाही. वाळूचे घड्याळ समोर ठेवून तो ताशी चार पेन्सने काम करी, आणि मृत्युशय्येवर असताना जप्तीवाले दारात आले तेव्हा निदान पलंग तरी नेऊ नका अशी विनवणी त्याने केली, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्री याने लिहून ठेवले आहे की होलारची दृष्टी अधू होती, दूरचे दिसत नसे आणि त्याच्या कामाची खरी बारकाई भिंगाशिवाय कळत नाही. आजही झालरीतील जाळी किंवा फरचे केस पाहायचे तर संगणकावर चित्र मोठे करावेच लागते.

एचिंग म्हणजे नेमके काय?

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा आणि त्या थरावर सुईने चित्र काढायचे. सुई तांबे खोदत नाही, फक्त थर खरवडते. मग पत्र्यावर आम्ल सोडायचे. जिथे तांबे उघडे पडले तिथेच ते खाल्ले जाते. रेघ जितका वेळ आम्लात, तितकी खोल आणि तितकी काळी. थर पुसून पत्र्यावर शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओला कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचा. खाचेतली शाई कागदावर येते.

कोरीवकामात हत्याराने तांबे ढकलत न्यावे लागते. तिथे मनगटाला जोर लागतो आणि रेघेला एक ताठा येतो. एचिंगमध्ये हात कागदावर चालावा तसा चालतो. म्हणूनच काळे रेशीम, पांढरे तलम कापड आणि फर या तीन गोष्टी निव्वळ रेघांनी वेगळ्या दाखवणे होलारला साधले. रंग नाही, तरी कोणते कापड जाड, कोणते पातळ, कुठे कांजी दिली आहे, कुठे चुणी मोडली आहे हे कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. छापलेले चित्र पत्र्यावरच्या चित्राच्या उलट असते, आरशातल्यासारखे. एखाद्या जुन्या पुस्तकातले चित्र समोर ठेवून ते जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले, तर छापल्यावर उजव्या हातातला पंखा डाव्या हातात जातो. कोणते चित्र कुणावरून उचलले आहे हे शोधताना अभ्यासकांना हा उलटापालटीचा पुरावा फार उपयोगी पडतो.

या मालिकांत आहे काय?

स्त्रियांच्या पेहरावावर होलारच्या दोन मुख्य मालिका आहेत. पहिली १६४० ची, ‘ओर्नाटुस म्युलिएब्रिस अँग्लिकानुस’, म्हणजे इंग्रज स्त्रियांचा साजशृंगार. सव्वीस चित्रे. उमराव घराण्यातील बाईपासून खेड्यातल्या बाईपर्यंत सर्व थरांतील स्त्रियांचे पोशाख, ‘सध्याच्या काळात जसे आहेत तसे’ दाखवण्याचे आश्वासन तिच्या मथळ्यातच आहे. दुसरी मालिका १६४३ ची, ‘थिएट्रुम मुलिएरुम’, स्त्रियांची रंगभूमी म्हणा हवे तर. ती पुढे वाढत गेली आणि १६४४ पासून ‘आउला व्हेनेरिस’, म्हणजे व्हीनसचा दरबार, या नावानेही निघाली. यातली चित्रे आणखी लहान. इथे इंग्लंडबरोबर युरोपातील इतर देशांच्या आणि शहरांच्या स्त्रिया येतात. तिच्याही लांबलचक लॅटिन मथळ्यात एक शब्दप्रयोग आहे : आजच्या काळात रूढ असलेले.

याशिवाय ऋतूंची चित्रे आहेत. १६४३-४४ च्या पूर्णाकृती मालिकेतील ‘हिवाळा’ सर्वांत प्रसिद्ध आहे. एक लंडनवासी बाई रस्त्यावर उभी आहे. खांद्यावर फर, हात फरच्या नळीत खुपसलेले आणि अर्ध्या चेहऱ्यावर काळा मुखवटा. मागे कॉर्नहिलचा रस्ता आणि रॉयल एक्स्चेंजचा मनोरा स्पष्ट दिसतो. मुखवटा नाटकासाठीचा नव्हे. ऊन-वाऱ्याने कांती रापू नये म्हणून सधन बायका बाहेर पडताना तो लावत. असा, सोळाव्या शतकातला, मखमलीचा पूर्ण चेहऱ्याचा एक मुखवटा नॉर्दॅम्प्टनशरमधील डॅव्हेंट्रीजवळ एका जुन्या इमारतीच्या भिंतीत २०१० मध्ये सापडला. चित्रकाराने ही चाल मनाने रचली नव्हती याचा हा भक्कम दाखला.

ही चित्रे विकत कोण घेई, याचीही कल्पना करता येते. ‘हिवाळा’च्या खाली छापलेल्या चार ओळी तिच्या थंडीपेक्षा तिच्या रात्रीच्या सहवासाबद्दल अधिक बोलतात. मालिकेला व्हीनसच्या दरबाराचे नाव देणाऱ्यालाही आपले गिऱ्हाईक कोण हे ठाऊक होतेच. कपड्यांचे ज्ञान आणि बायका न्याहाळण्याची सोय, दोन्ही एकाच किमतीत.

‘आजकाल’ या शब्दाला एवढे महत्त्व का?

त्यासाठी होलारच्या आधीची पुस्तके पाहावी लागतात. देशोदेशीच्या पोशाखांची छापील पुस्तके युरोपात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून निघू लागली. पॅरिसमध्ये १५६२ मध्ये फ्रांस्वा देप्रेझचे, न्युरेंबर्गमध्ये १५७७ मध्ये हान्स वायगेलचे, फ्रँकफुर्टमध्ये १५८६ मध्ये योस्ट आमान याचे फक्त स्त्रियांच्या पोशाखांचे, आणि व्हेनिसमध्ये १५९० मध्ये चेझारे व्हेचेल्लिओचे चारशेहून अधिक चित्रांचे. ही सारी मुख्यतः लाकडी ठशांवरून छापलेली. त्यांचा साधा नियम असा : एक जागा, एक आकृती, एक पोशाख. देप्रेझच्या पुस्तकात तर खऱ्या देशांतील माणसांच्या रांगेत समुद्रातला बिशप, समुद्रातला साधू आणि एकाक्ष राक्षसही उभे आहेत. त्यांचेही पोशाख आहेत! आपल्या शाळांच्या भिंतींवरच्या तक्त्यात प्रत्येक राज्याचे एक जोडपे असते, तसाच हा प्रकार. फक्त त्यात राक्षस कमी.

वायगेलच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चार खंडांची चार माणसे आहेत. तिघांना आपापला पोशाख आहे. युरोपचा माणूस मात्र जवळपास नागडा उभा आहे, काखेत कापडाचा तागा घेऊन. त्याआधी १५४० च्या दशकात अँड्र्यू बूर्ड या इंग्रज वैद्याने आपल्या पुस्तकात इंग्रज माणूस असाच दाखवला होता, एका हातात कात्री आणि अंगावर धड काही नाही. विनोद असा की रोज नवी फॅशन येते, मग शिवायचे तरी काय? पण विनोदाखाली एक दावा दडलेला आहे. आम्ही बदलतो, बाकीचे जग आहे तसेच राहते. तुर्काचा पोशाख तुर्काचा, आफ्रिकेचा आफ्रिकेचा, आणि त्याला साल-तारीख नसते.

होलारने हा हिशेब मोडला. त्याने आपल्या बायकांना तारीख दिली. पत्र्यांवर सहीबरोबर साल कोरले आणि मथळ्यात ‘आज’ लिहिले. कोलोनच्या बाईचा पोशाख लंडनच्या बाईइतकाच आजचा, म्हणजेच उद्या बदलू शकणारा. या चित्रांना ‘पारंपरिक’ म्हणणे म्हणजे चित्रकाराने स्वतः लिहिलेला शब्द पुसून त्याच्या अगदी विरुद्ध अर्थाचा शब्द तिथे लिहिणे होय.

इंग्लंडच्या मालिकेत तर प्रदेश हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे दर्जाचा. कोणी कोणते कापड वापरावे, कोणत्या उत्पन्नाच्या माणसाने मखमल ल्यावी, हे ठरवणारे कायदे इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होते. जेम्स पहिला याच्या संसदेने १६०४ मध्ये ते रद्द केले. म्हणजे होलार लंडनमध्ये चित्रे काढत होता तेव्हा व्यापाऱ्याच्या बायकोला उमरावाच्या बायकोसारखे कपडे करण्यापासून अडवणारा कायदाच उरला नव्हता; अडवत होता तो फक्त पैसा आणि लोकलज्जा. जर्मन शहरांत असे नियम अजून जोरात होते. स्ट्रासबुर्ग, कोलोन या गावांतून आलेल्या होलारची नजर म्हणूनच दर्ज्यावर खिळली असावी. लंडनमधल्या चित्रांखाली तो ‘लंडनची बाई’ एवढेच लिहून थांबत नाही. व्यापाऱ्याची पत्नी, चांगल्या कुळातल्या नागरिकाची पत्नी, दरबारी स्त्री, असा फरक तो करतो. आणि तो फरक गळपट्टीच्या रुंदीत, टोपीत आणि झालरीत दाखवतो. कायदा गेला तेव्हा दर्जा ओळखायचा कसा, या प्रश्नाचे हे चित्रमय उत्तर आहे. ‘इंग्लंडची प्रादेशिक वेशभूषा’ या शीर्षकाखाली ते उत्तर वाचायलाच मिळत नाही.

पोशाख त्या-त्या गावचा तरी होता का?

काही अंशी. कोलोनच्या बाईचे उदाहरण घेऊ. डोक्यावरून खाली सोडलेला चुणीदार काळा झगा, कपाळावर लहानशी चकती आणि तिच्यावर उभा दांडा, टोकाला गोंडा. एकदा पाहिला की विसरत नाही. त्याला जर्मनमध्ये ‘हॉयके’ म्हणत. पण हा झगा एकट्या कोलोनचा नव्हता. तो खालच्या ऱ्हाइन खोऱ्यात आणि नेदरलँड्समध्येही वापरात होता, अँटवर्पमध्येही होता. नदीच्या काठाकाठाने आणि व्यापाराच्या वाटेने तो पसरला होता. चित्राखाली एका शहराचे नाव आले की वाचक झग्याभोवती त्या शहराची वेस घालतो.

लंडनच्या बाईची तर गंमतच आहे. तिच्या खांद्यावरच्या झालरीचे काम फ्लँडर्सच्या कारागिरांच्या तोडीचे, बहुधा तिकडूनच आलेले. रेशीम परदेशातून येणारे. गळपट्टी ताठ उभी राहते ती कांजीमुळे, आणि ती विद्याही बाहेरची. १५६४ मध्ये डिंघेन व्हान डेर प्लासे नावाची फ्लेमिश बाई लंडनला आली आणि कांजी करण्याचे वर्ग घेऊ लागली. शिकवण्याचे चार-पाच पौंड आणि कांजी बनवायची कशी हे सांगण्याचे वेगळे वीस शिलिंग ती घेई, अशी नोंद तत्कालीन इतिहासग्रंथात आहे. साध्या गड्याला वर्षाला तेवढी मिळकत होणे कठीण होते. ऐंशी वर्षांनी त्याच कांजीच्या गळपट्टीला ‘इंग्रज स्त्रीचा पोशाख’ म्हटले गेले.

पाहून काढलेली किती, उचललेली किती?

इथे होलारच्या चाहत्यांनीही थोडे थांबले पाहिजे. लंडन, कोलोन, स्ट्रासबुर्ग, अँटवर्प ही त्याने राहून पाहिलेली शहरे. प्रवासात काढलेली त्याची रेखाटने आजही आहेत आणि ती चित्रांशी जुळतात. तिथे तो साक्षीदार आहे. पण युरोपभरच्या मालिकेत, तोवर त्याने पाऊलही न टाकलेल्या मुलखांतल्या बायकासुद्धा आहेत. त्या त्याने दुसऱ्यांच्या चित्रांवरून किंवा जुन्या पुस्तकांवरून घेतल्या. त्या काळी यात चोरी कोणी मानत नसे. व्हेचेल्लिओनेही तेच केले, त्याच्या आधीच्यांनीही तेच. अडचण वेगळी आहे. दोन्ही प्रकारच्या चित्रांची रेघ सारखीच नाजूक, दोघांखाली तेच लॅटिन आणि तीच सही. पाहणाऱ्याला दोन्ही तितकीच खरी वाटतात. जुन्या ठशावरून घेतलेल्या पोशाखाखाली ‘आजच्या काळात रूढ’ असे छापले की ‘आज’ पन्नास वर्षे मागे गेलेला असतो.

पुढे तर त्याचे तांब्याचे पत्रे दुकानदारांच्या हाती गेले आणि होलारच्या मृत्यूनंतरही त्यांवरून प्रती निघत राहिल्या. फॅशन केव्हाच बदलून गेली, मथळा तोच राहिला.

गोव्याशी याचा काय संबंध?

संबंध खरा आहे, फार लांबचाही नाही. यान हाउखेन व्हान लिन्स्कोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा कारकून म्हणून गोव्यात आला आणि पाचेक वर्षे राहिला. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचे ‘इतिनेरारियो’ हे प्रवासवर्णन निघाले. त्यात गोव्याचा बाजार आहे, पालखीतून जाणारे पोर्तुगीज उमराव आहेत, कोकणी शेतकरी आहेत, ब्राह्मण आहेत. आणि पोर्तुगीज स्त्रियांचे पोशाखही आहेत : लग्न झालेली, विधवा, कुमारिका. चित्रांची मूळ रेखाटने लिन्स्कोटेनची. पत्रे तयार केले डुटेकुम बंधूंनी, जे गोव्याला कधी आले नव्हते. या घराण्याची खुबीच अशी की ते एचिंग असे करत की पाहणाऱ्याला ते कोरीवकाम वाटावे. मग फ्रँकफुर्टच्या दे ब्री घराण्याने त्यावरून पुन्हा स्वतःची चित्रे करून आपल्या पूर्वेकडील प्रवासांच्या ग्रंथमालेत छापली. गोव्यापासून दोन पायऱ्या दूर. प्रत्येक पायरीवर कोकणातल्या माणसांचे दंड, मांड्या, उभे राहण्याची ढब थोडी अधिक युरोपीय झाली. खालचे नाव मात्र गोव्याचेच.

दे ब्री घराण्याचा जावई आणि पुढे त्यांच्या छापखान्याचा वारस म्हणजे माटेउस मेरियान. होलार फ्रँकफुर्टमध्ये याच मेरियानच्या हाताखाली शिकला. जगातील माणसे पोशाखावरून ओळखायची, एका पानावर एक नमुना मांडायचा, ही रीत ज्या घराने गोव्याच्या बाबतीत वापरली, त्याच घरात ती होलारने जवळून पाहिली.

याच्या शेजारी रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयातील एक हस्तलिखित ठेवून पाहावे. १५४० च्या सुमाराचा हा चित्रसंग्रह पोर्तुगीजांसाठी केलेला, पण चित्रकार बहुधा भारतीय. त्यात गोव्याच्या परिसरातील स्त्रिया पाणी भरताना दिसतात. त्या कामात आहेत आणि त्यांचे अंग कुठल्या ग्रीक पुतळ्यावरून घेतलेले नाही. तो संग्रह एकुलता एक राहिला, एका कपाटात. छापलेले गोवे मात्र युरोपभर गेले. कोणते चित्र ‘पारंपरिक’ ठरते यात अचूकपणापेक्षा छापखान्याचा हात मोठा असतो.

युद्ध चित्रांत का दिसत नाही?

१६३६ च्या प्रवासात होलार अर्लबरोबर ज्या मुलखातून गेला तो तीस वर्षांच्या युद्धाने उजाड झाला होता. त्याच काफिल्यातील विल्यम क्राउन याने १६३७ मध्ये या प्रवासाचे वर्णन छापले. जळालेली गावे, ओस घरे आणि उपासमारीने मेलेली माणसे त्यात आहेत. होलारनेही हेच पाहिले. तरीही त्याच्या ऱ्हाइनकाठच्या बायकांची एकही चुणी विस्कटलेली नाही. ‘थिएट्रुम’ निघाले तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये यादवी सुरू होऊन वर्ष झाले होते आणि आश्रयदाता परदेशी होता. लहान पत्रे, थोडे तांबे, पटकन विकली जाणारी नगाची चित्रे : हा उदरनिर्वाहाचा मार्ग होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘त्या काळी तिथल्या स्त्रिया अशा दिसत’ असे जेव्हा आज लिहिले जाते, तेव्हा कोणत्या स्त्रिया, हे विचारायला हवे. ज्यांच्याकडे कांजी करायला पीठ शिल्लक होते, त्या.

मग ‘पारंपरिक’ हा शब्द आला कुठून?

मुख्यतः एकोणिसाव्या शतकातून. कारखान्यांचे कापड खेड्यात शिरू लागले तेव्हा शहरातील सुशिक्षितांना खेड्यातील पोशाखांची ओढ लागली. स्वीडनच्या आर्टुर हाझेलिउस याने १८७२ मध्ये डालार्ना प्रांतातून पोशाख आणि घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली, पुढच्याच वर्षी संग्रह लोकांसाठी उघडला आणि १८९१ मध्ये स्टॉकहोममध्ये स्कॅन्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय उभारले. युरोपात ठिकठिकाणी तसेच झाले. प्रत्येक राष्ट्राला आपला जुना, न बदलणारा, शक्यतो शेतकरणीचा पोशाख हवा होता. त्या शोधात जुनी छापील चित्रे पुरावा म्हणून बाहेर काढली गेली. होलारच्या बहुतेक बायका शहरातल्या आणि त्यातही खात्यापित्या घरच्या होत्या, या गोष्टीकडे कुणी फारसे पाहिले नाही.

संग्रहालयांनी काय करावे?

होलारची चित्रे आज लंडनचे ब्रिटिश म्युझियम, विंडसरचा राजसंग्रह, प्रागची राष्ट्रीय कलादालने यांच्याकडे मोठ्या संख्येने आहेत. टोरांटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयाने आपला संपूर्ण होलार संग्रह इंटरनेटवर ठेवला आहे. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण चित्र संग्रहालयाच्या पानावरून बाहेर पडते तेव्हा सोबत फक्त शोधासाठीचे दोन-तीन शब्द जातात. त्या शब्दांत ‘प्रादेशिक वेशभूषा’ असेल तर पुढचा प्रत्येक वापर तोच शब्द वाहून नेतो. पुस्तकवाला, चित्रपटवाला आणि आता चित्रे तयार करणारी संगणकप्रणालीसुद्धा.

उपाय अवघड नाही. नोंदीत आणखी तीन रकाने हवेत : पत्र्यावर साल आहे का, होलार त्या गावी राहिला होता का, आणि चित्राचा जुना नमुना सापडतो का. अभ्यासकांकडे ही माहिती विखुरलेली आहे, तपशीलवार सूच्या आहेत. ती शोधाच्या शब्दांपर्यंत पोहोचवायची आहे. लॅटिन ओळीचे भाषांतर देतानाही कंजुषी नको. ‘लंडनच्या चांगल्या कुळातील नागरिकाची पत्नी, १६४३’ या ओळीचे ‘इंग्रज स्त्री’ एवढेच केले की त्यातली बाई, तिचे शहर, तिच्या नवऱ्याची पत आणि ते युद्धाचे वर्ष, सगळे एका फटक्यात नाहीसे होते.

आणि ज्या चित्रांना कुठल्याच रकान्यात जागा नाही त्यांचेही पाहावे. अँटवर्पमध्ये असताना १६४५ साली होलारने एका तरुण कृष्णवर्णीय स्त्रीचा चेहरा एचिंगमध्ये केला. तिच्या डोक्याला लेसचा रुमाल आहे, त्या काळच्या त्या शहरात फॅशनमध्ये असलेल्या लेसचा. ती कोणत्या प्रदेशाची वेशभूषा म्हणायची? तिचे नाव चित्रावर नाही, देश नाही, दर्जा नाही. होलारची सही आहे आणि साल आहे.